मनगटाचं दुखणं

सुनेला सकाळपासून घास गिळवत नव्हता. स्वतःच्या लग्नात तिनं दोनदा वाढून घेतलं होतं, पण आज टोस्टचा तुकडा हातात धरून ती घरभर हिंडली आणि दुपारी तो तिच्याच पर्समध्ये, किल्ल्यांच्या जुडग्याशेजारी सापडला. कारणही तसंच होतं. आज संध्याकाळी तिचे सासरे रेडिओवर संतूर वाजवणार होते. आधी रेकॉर्ड करून, मग नको ते कापून, ठिगळं जोडून नव्हे, थेट. निसटलं की निसटलं. आणि आवाजाच्या टेबलाशी ती स्वतः बसणार होती.

आता हा रेडिओ म्हणजे काही फार मोठं प्रस्थ नव्हतं. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरचा एक मजला, दोन खोल्या, मधे जाड काच. भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवलेले आणि जिन्यात कायम ग्रीसचा वास. सरकार नाही, शेठ नाही, जाहिराती नाहीत. ऐकणारेच वर्गणी काढायचे आणि हौशी माणसं आपापल्या नोकऱ्या सांभाळून यायची. कोणी तासभर कुंभाराच्या चाकाबद्दल बोलायचं, कोणी नाटकाच्या जुन्या पडद्यांबद्दल. एकानं तर मूकनाट्यावर रेडिओचा कार्यक्रम केला होता आणि तोही लोकांनी शेवटपर्यंत ऐकला. मोठ्या रेडिओवाल्यांनी नाकं मुरडली म्हणून इथल्या कोणाचं काही अडत नव्हतं.

या सगळ्या पसाऱ्याची कारभारीण होती मावशी. ती कोणाची मावशी होती हे कोणालाच माहीत नव्हतं. गुडघे दुखायचे म्हणून ती एकदा जिना चढली की काम संपेपर्यंत उतरत नसे, आणि तोवर सगळ्यांवर डोळा ठेवून असे. तिचा एकच नियम होता: रेडिओ गप्प राहता कामा नये. त्यासाठी तिनं एक यंत्र बसवून घेतलं होतं. काही सेकंद शांतता झाली की यंत्राला वाटायचं आतली माणसं मेली. मग ते आपणहून राखीव संगीत सुरू करायचं. त्याला सगळे चौकीदार म्हणत. गेल्या वर्षी एका चेलोवादकानं ऐन रंगात डोळे मिटून लांबलचक विराम घेतला आणि त्या विरामात चौकीदारानं बँडबाजा सोडला. तेव्हापासून मावशीनं थेट संगीताच्या नावानं कानाला खडा लावला होता. आजचा कार्यक्रम सुनेनं तिच्या हातापाया पडून मिळवला होता.

पण खरं सांगायचं तर सुनेला मावशीची एवढी धास्ती नव्हती. तिचा जीव टांगणीला लागला होता तो सासऱ्यांसाठी.

सासू-सासरे तरुणपणी इराणहून आले ते एक गालिचा, एक संतूर आणि एकमेकांशी वाद घालायची सवय घेऊन. तिकडे दोघं एकाच उस्तादांकडे शिकत होते. पुढे सासऱ्यांचं नाव झालं आणि सासूबाईंचं घर झालं. सगळीकडे असंच होतं, त्यात इराणचं वेगळं काही नाही. तिकडे सासऱ्यांच्या मैफलीला लोक जिन्यात बसायचे म्हणे. त्यांचे शिष्य आता स्वतःच पांढऱ्या केसांचे उस्ताद झाले होते. इथं आल्यावरही ते वाजवत राहिले, आणि मग एका वर्षी लोकांपुढे वाजवणं त्यांनी एकदम सोडलं. मनगट दुखतं, एवढंच कारण घरात सांगितलं गेलं.

खरं कारण सासूबाईंनी सुनेला एकदा स्वयंपाकघराचं दार लोटून सांगितलं होतं. सासऱ्यांना बोललेलं ऐकू यायचं, संतुराच्या खालच्या तारा ऐकू यायच्या, पण अगदी वरच्या सुरांत कुठली तार चढली, कुठली उतरली, हे आता त्यांच्या कानांना कळत नव्हतं. एक दिवस त्यांनी बराच वेळ खपून सगळ्या तारा जुळवल्या आणि वाजवायला घेतलं, तर वरच्या तारा पार भरकटलेल्या आणि वाजवणाऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान. हे त्यांना सांगायचं धाडस सासूबाईंना झालं नाही. एरवी ज्या बाईनं नवऱ्याची एक चूक सोडली नाही, ती त्या दिवशी गप्प बसली.

मग त्यांनी युक्ती काढली. इराणी संतुराला बहात्तर तारा. रोज खुंट्या पिळून तुमचं मनगट दुखावलंय, असं म्हणून त्यांनी जुळवायची किल्ली स्वतःच्या हातात घेतली. गंमत म्हणजे ज्या माणसानं जन्मात बायकोचं एकही म्हणणं वाद घातल्याशिवाय मानलं नव्हतं, तो लगेच हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी मनगटाला मलम चोळून बसला आणि त्याच मनगटाच्या नावावर मैफली बंद करून मोकळा झाला.

"कान गेलेत हे त्यांना कळलं, तर ते संतुराला पुन्हा हात लावायचे नाहीत," सासूबाई म्हणाल्या होत्या. "झाकली मूठ सव्वा लाखाची. तूही झाकून ठेव, जान."

तेव्हापासून घराची सकाळ ठरून गेली होती. आतल्या खोलीत सासूबाई तारा जुळवायच्या आणि सासरे स्वयंपाकघरात चहा करायचे. खदखदणाऱ्या किटलीच्या तोंडावर चहाचं भांडं ठेवून तो मुरवत बसायचे, आणि जोडीला भांड्यांची एवढी आदळआपट की शेजाऱ्यांनी उठून बसावं. सुनेला वाटायचं, वय झालं, हातातून वस्तू पडतात. मलमाचंही तसंच. कधी उजव्या मनगटाला चोळायचे, कधी डाव्या. म्हातारी माणसं विसरतात, म्हणून तिनं तिकडे कानाडोळा केला होता.

रेडिओवर 'इराणचा तास' सुरू केला तो सुनेनंच. घरातल्या जुन्या तबकड्या, सासूबाईंच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी, गालिच्यांच्या नक्षीबद्दल, अक्षरं रेखाटणाऱ्यांबद्दल गप्पा. इंटरनेटमुळे तो तास तिकडेही ऐकू जायचा. मग एक दिवस सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे आत्याबाईंचा, तिकडून फोन आला. माझा भाऊ अजून जिवंत आहे ना, त्यांनी विचारलं. मग त्याच्या जुन्या तबकड्या कसल्या लावता? सासऱ्यांनी फोन ठेवला आणि म्हणाले की वाजवीन, पण थेट वाजवीन. सासूबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी त्यांनी एकच अट घातली: स्टुडिओत तारा मी जुळवणार, अगदी शेवटच्या क्षणापर्यंत.

तर असा तो दिवस. तिकडे आत्याबाई, त्यांच्या शेजारणी आणि पांढऱ्या केसांचे सगळे शिष्य यंत्रांना कान लावून बसणार होते. असल्या कानांपुढे एक तार जरी हलली तरी सासऱ्यांचं नाव जायचं, आणि ते नाव सुनेच्या आग्रहावर पणाला लागलेलं. घास उतरणार कसा?

दुपारी स्टुडिओत घरचा गालिचा अंथरला, त्यावर संतूर ठेवलं. खोली चांगली गार होती. एसी घरघरत होता आणि सासूबाई अंगात कोट घालून तारा जुळवत बसल्या. एकेका सुराला चार-चार तारा, चारही अशा जुळायला हव्यात की एकच वाटावी. किल्ली इवलीशी फिरायची, सासूबाई मान तिरकी करायच्या, पुन्हा इवलीशी. सासरे मुळी वर थांबलेच नाहीत. ते खाली सायकलवाल्याकडे जाऊन चाकाच्या तारा कशा ताणतात ते बघत बसले, आणि वर आले तेव्हा त्यांच्या मनगटाला मलमाचा भपकारा येत होता.

कार्यक्रमाचा निवेदक तेवढ्यात आला. त्याला सगळे गळा म्हणत, कारण उन्हाळ्यातही तो मफलर गुंडाळून असायचा आणि गरम पाण्याशिवाय काही प्यायचा नाही. आवाज मात्र देवानं हात सैल सोडून दिलेला. सासऱ्यांनी त्याच्या हातात साखरेचा खडा ठेवून तो दातात धरून चहा कसा प्यायचा ते शिकवलं, आणि मोठा आवाजदार माणूस लहान मुलासारखा खूश झाला.

तांबडा दिवा लागायच्या आधी सुनेनं सवयीनं करायचं ते केलं. एसी बंद केला. कुठल्याही रेकॉर्डिंगच्या आधी ती हेच करायची. संतुराच्या छड्या पिसासारख्या हलक्या, त्यांच्या बारीक आवाजात एसीची घरघर शिरली असती. तिनं हेडफोन चढवले. शांतता कशी स्वच्छ धुतल्यासारखी झाली. काचेपलीकडे सासऱ्यांनीही आपले हेडफोन चढवले, मान हलवली आणि दिवा लागला.

पहिल्याच तारेला सुनेच्या अंगावर काटा आला. घरी तिनं हे वाजवणं शेकडो वेळा ऐकलं होतं, पण घरी सासरे घरच्यासारखे वाजवायचे. आज ते मैफलीला बसले होते. सुरुवातीला नुसते एकटे-दुकटे सूर, कोणी जिना चढून यावं आणि दाराशी थांबावं तसे. मग दोन्ही छड्या थरथरू लागल्या आणि एकाच सुराची धार लागली. सुनेच्या हाताखालचे, आवाज मोजणारे काटे डोलत होते. तिला काही करायचं उरलंच नव्हतं. मावशी गुडघे विसरून उभी राहिली होती. सासूबाई काचेला नाक लावून उभ्या होत्या आणि ओठांनी काहीतरी पुटपुटत होत्या.

फोनचे दिवे लुकलुकू लागले. संदेश एकावर एक येत होते. कोणी विचारत होतं हे कोण वाजवतंय, कोणी गाडी रस्त्याकडेला थांबवून ऐकत होतं. नवरा घरी आत्याबाईंना दुसऱ्या फोनवर धरून बसला होता. त्याचा संदेश आला: आत्या रडतेय, शेजारणीला पण रडायला लावतेय. सुनेला हसू आवरेना. आयुष्यात एवढा आनंद एका खुर्चीत बसून तिला कधी झाला नव्हता.

पहिली चीज संपली. गळ्यानं दोन-चार प्रश्न विचारले, सासऱ्यांनी उस्तादांच्या गमती सांगितल्या आणि दुसरी चीज सुरू केली. इथं माशी शिंकली.

आधी सुनेला वाटलं हेडफोनच बिघडले. वरच्या तारांपैकी एका सुराच्या चार तारा आपसात कुरबुर करत होत्या. मग दुसऱ्या सुराच्या. मग पितळी तारा एक म्हणू लागल्या आणि पोलादी दुसरंच. तिनं काचेतून पाहिलं. गळ्यानं मफलर सोडून ठेवला होता आणि सासऱ्यांचं कपाळ घामानं चमकत होतं. गार खोलीत जुळवलेलं वाद्य तिनं बंद, कोंदट खोलीत कोंडलं होतं. दिवे, दोन माणसं, खिडकी नाही; खोली तापली होती आणि तापलेल्या तारा सैल पडत चालल्या होत्या.

आत सासरे डोळे मिटून वाजवत होते. चेहऱ्यावर समाधान.

सुनेनं मागे पाहिलं. सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. आतल्या हेडफोनमध्ये बोलायच्या बटणाकडे सुनेचा हात गेला, तर सासूबाईंनी तो धरला. त्यांना सांगू नकोस, त्या म्हणाल्या; तबकडी लाव, यंत्र बिघडलं म्हणून सांग. मावशीनंही मान डोलावली. तबकडीचं बटण समोरच होतं. ते दाबलं की सगळ्यांची सुटका होती. सासऱ्यांचं नाव वाचलं असतं आणि ते पुन्हा कधी लोकांपुढे वाजवायला बसले नसते. तेवढ्यात नवऱ्याचा संदेश उजळला: आत्या विचारतेय, वरची तार उतरली का?

सुनेनं तबकडीच्या बटणावर बोट ठेवलं. आणि त्याच वेळी सासऱ्यांनी डोळे उघडले.

त्यांनी काचेकडे पाहिलं. सुनेकडे नव्हे, तिच्या मागे उभ्या असलेल्या बायकोकडे. सासूबाईंना स्वतःलाही कळत नव्हतं, पण त्यांचा उजवा हात वर आला होता, मूठ वळली होती आणि ती मूठ हवेत इवलीशी फिरत होती. किल्ली धरल्यासारखी. इवलीशी, थांबून, पुन्हा इवलीशी.

सासऱ्यांनी हातातली सुरावट पूर्ण केली, छड्या उचलल्या आणि थांबले. तारांचा झणकार विरत गेला. गळ्याकडे साऱ्यांनी आशेनं पाहिलं, तर ज्याचा आवाज कधी बंद पडला नव्हता त्या माणसाची बोबडी वळली होती. शांतता वाढत चालली. कोपऱ्यात चौकीदाराचा हिरवा दिवा पिवळा झाला. आता बँडबाजा सुटणार. मावशीनं कोणाला काही सांगितलं नाही. ती खाली वाकली, गुडघे कडाडले, आणि तिनं स्वतः बसवून घेतलेल्या यंत्राची वायर स्वतःच्या हातानं भिंतीतून उपसून काढली.

सुनेनं बटण दाबलं, पण तबकडीचं नव्हे. ती हेडफोनमध्ये म्हणाली, "बाबा, चूक माझी आहे. मी एसी बंद केला. खोली तापली, तारा उतरल्या."

खोटं तर नव्हतंच ते. शिवाय अब्रू झाकायला ऐसपैस पांघरूण होतं. सासऱ्यांनी नुसतं हसून तेवढंच लोकांना सांगितलं असतं, तरी भागलं असतं. त्यांनी छड्या गालिच्यावर नीट शेजारी-शेजारी ठेवल्या आणि माईक जवळ ओढला.

"मंडळी, तारा उतरल्यात," ते म्हणाले. "माझी सून म्हणते चूक तिची. एसी तिनं बंद केला हे खरं. पण तारा उतरल्या हे मला कळायला हवं होतं, आणि ते कळलं नाही. वरचे सूर माझे कान केव्हाच सोडून गेले. मैफलीत लोकांसमोर बसून तारा जुळवाव्या लागतात, म्हणून मी मैफली सोडल्या. घरी माझं संतूर माझी बायको जुळवते. ती त्या काचेमागे उभी आहे. तिला आत पाठवा."

सासूबाई जागच्या हलेनात. सुनेनं त्यांचा कोट काढून घेतला, किल्ली त्यांच्या हातात कोंबली आणि दार उघडून त्यांना अक्षरशः आत ढकललं. मग धावत येऊन तिसरा माईक उघडला.

आत गेल्या त्या रागानं लाल होऊनच. इतक्या वर्षांची झाकली मूठ या माणसानं साऱ्या जगापुढे उघडली होती. त्या गालिच्यावर बसल्या, माईककडे पाहिलं आणि ठासून म्हणाल्या, "यांचं काही ऐकू नका. यांचं मनगट दुखतं, म्हणून मी जुळवते."

"कुठलं मनगट?" सासऱ्यांनी विचारलं.

"उजवं."

सासऱ्यांनी डावा हात पुढे केला आणि तिच्या नाकाखाली धरला. मलमाचा वास काचेपलीकडे येणं शक्य नव्हतं, पण सुनेला तो आला.

"मला कधी लक्षातच राहिलं नाही कुठलं ते," सासरे म्हणाले. "तू मला मनगटावरून कधी एक शब्द विचारला नाहीस, तेव्हाच मी ओळखलं की गोष्ट कानांची आहे. दुखलेल्या बोटावर तासभर बोलणारी बाई तू. पण तुला वाटत होतं मला माहीत नाही, म्हणून मी मलम लावत राहिलो. आणि तू जुळवत असताना स्वयंपाकघरात भांडी आपटत राहिलो. तुला निवांत जुळवता यावं, मी ऐकत नाही असं वाटावं म्हणून."

सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं कोण जाणे. चौकीदार मेलेला होता, त्यामुळे काळजी नव्हती. मग त्यांचे डोळे भरून आले आणि त्या एकदम हसू लागल्या, आणि ते हसू जसंच्या तसं सगळीकडे ऐकू गेलं. म्हाताऱ्या, त्या म्हणाल्या, किती डबे संपवलेस रे त्या मलमाचे? एरवी चारचौघांत त्या नवऱ्याला अहो म्हणायच्या. आज उस्तादांच्या वर्गातल्या जुन्या सोबत्याला म्हणावं तसं त्या अरे म्हणाल्या, आणि सासरे त्यावर लाजले.

मग तो प्रकार सुरू झाला जो कुठल्याही रेडिओनं कधी मुद्दाम ऐकवला नसता. तारा जुळवणं. एक तार वाजायची, किल्ली फिरायची, सूर घसरत, अडखळत वर चढायचा आणि शेजारच्या तारेला जाऊन भिडायचा. सासूबाई लागणार तेवढ्याच तारा घेत होत्या, आणि मधल्या वेळात सासरे सांगत होते की उस्तादांच्या वर्गात पहिल्याच दिवशी शेजारी बसलेली एक मुलगी त्यांना म्हणाली होती, तुझी तिसरी तार उतरलीये. नमस्कार नाही, नाव नाही, नुसतं एवढंच. त्या दिवशी कान चांगले होते माझे, सासरे म्हणाले, आणि तार खरंच उतरलेली होती. म्हणून तर राग आला. सासूबाईंनी जुळवता जुळवताच दुरुस्ती केली की तिसरी नव्हे, चौथी. गळ्याला अखेर वाचा फुटली आणि त्यानं विचारलं की मग लग्नाचं कोणी कोणाला विचारलं. त्यावर दोघांनी दोन वेगवेगळी उत्तरं दिली.

सुनेच्या टेबलावर संदेशांचा पूर आला होता. कोणी लिहिलं होतं की माझ्या आईला कमी ऐकू येतं, पण गेली चार वर्षं ती ते कबूल करत नाही, तिला हे ऐकवतोय. कोणी नुसतंच विचारत होतं, तार जुळली का? मावशीनं ते वाचलं, चष्मा पुसला आणि थेट संगीताचा तास दर आठवड्याला ठेवू म्हणाली. एवढं बोलून तिनं लगेच असंही बजावलं की एसीचं काय ते आधी बघ.

किल्ली थांबली. सासूबाईंनी एकदा सगळ्या तारांवरून बोट फिरवलं आणि उठू लागल्या. सासऱ्यांनी त्यांना उठू दिलं नाही. तिथंच बस, म्हणाले. एखादी हलली तर सांग.

आणि मग त्यांनी जे वाजवलं ते वेगात वाजवायचं काम होतं, दोन्ही छड्या एकमेकींचा पाठलाग करणाऱ्या. सुनेला काटे सांभाळायला हात पुरेनात. सूर असे उधळत होते की गळा खुर्चीत बसल्या बसल्या पाय आपटत होता, खाली सायकलवाल्यानं हातोडी बाजूला ठेवली होती, आणि सासूबाई मांडीवर ठेका धरून दर थोड्या वेळानं मान हलवत होत्या: ठीक, ठीक, चल पुढे. सासऱ्यांची नजर एकदाही तारांवर नव्हती. ती सारा वेळ त्या हलणाऱ्या मानेवर होती. सुनेच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती मोठ्यानं हसत होती. माईक बंद होता म्हणून बरं.

शेवटचा सूर विरेपर्यंत कोणी हललं नाही. पुरता विरल्यावर सासूबाई माईकपाशी वाकल्या. आपला नवरा बरा वाजवतो असं त्यांनी संसारात कधी म्हटलं नव्हतं.

"बरं वाजलं," त्या म्हणाल्या.

तांबडा दिवा विझला. सासरे बाहेर आले, खिशातून मलमाची डबी काढली आणि मावशीच्या हातात ठेवली. तुमच्या गुडघ्यांना चालेल, म्हणाले. अर्ध्याहून जास्त शिल्लक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून उठली ती घर शांत होतं म्हणून. भांड्यांचा आवाज नाही. ती धसकून स्वयंपाकघरात आली, तर तिथं कोणीच नव्हतं. किटली एकटीच खदखदत होती आणि तिच्यावरचं चहाचं भांडं झाकणासकट थडथडत होतं.

आतल्या खोलीतून मात्र कलकलाट ऐकू येत होता. दाराच्या फटीतून तिनं पाहिलं. गालिच्यावर संतूर होतं आणि दोघं त्यावर डोकं डोक्याला लावून वाकली होती. सासरे छडीनं एक-एक तार वाजवत होते, सासूबाई किल्ली फिरवत होत्या. ते म्हणत होते अजून वर घे. त्या म्हणत होत्या तुला ऐकू येतंय का, मग गप्प बस. ते म्हणत होते ऐकू येत नाही पण तुझ्या भुवईवरून कळतं, अजून वर घे.

सुनेनं परत जाऊन गॅस बारीक केला, चार पेले काढले आणि साखरेचे खडे शोधू लागली. चहाला आज वेळ लागणार होता.